वाकून वाचा

कुपवाड
शुक्रवार, १० मार्च २०२३

नागसेन, जय भीम.

“वाकल्याबिगर आकडा दिसत न्हाई, आन् दिसल्याबिगर लिवायचा न्हाई.” आप्पा हे म्हणाले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तू त्यांच्या सायकलच्या नळीवरच्या छोट्या सीटवर मान टाकून झोपला होतास. एक बाई कुंपणावरूनच ओरडली होती, “आवं वायरमन, मागच्या म्हयन्यासारकंच लिवा की! आत पाव्हणं जेवाय बसल्यात.” आप्पांनी सायकल स्टँडला लावली, पाहुण्यांची माफी मागितली, आणि जात्यामागच्या मीटरपुढे गुडघ्यांवर हात टेकून वाकले. आकडा मला लिहायला लावला. त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या घरच्या मीटरखालच्या फळीवर तांबड्या ऑइलपेंटनं रंगवलं: वाकून वाचा. तेव्हापासून मीटर दोनदा बदलला, फळी तीच आहे. ‘वा’चा काना ओघळलाय तोही तसाच.

आज हे आठवायचं कारण म्हणजे समन्स.

माझा नंबर तू ब्लॉक केलास त्याला दोन वर्षं झाली. टपाल ब्लॉक करता येत नाही म्हणून लिहिते आहे. खंडाळ्याचा पत्ता आईनं शेजारणीच्या फोनवरून सांगितला, तिला रागावू नकोस.

गुरुवार, १३ एप्रिल, सांगली कोर्ट. सरकारी पक्षाची साक्षीदार क्रमांक तीन, मीटर रीडर. म्हणजे मी. कागदावर तुझ्याबद्दल लिहिलंय ते तीनदा वाचलं. आरोपीने मीटरमध्ये फेरफार करून वीजचोरी केली, मीटरचे सील तोडले, कार्यालयात अधिकाऱ्याच्या हाताला दुखापत केली. आरोपी नागसेन आप्पासाहेब कांबळे. आप्पांचं नाव तिथं बघून मी कागद पालथा घातला.

समन्स आमच्या एजन्सीचे सुपरवायझर लालासाहेब स्वतः घेऊन आले होते. खुर्चीवर बसलेही नाहीत. “मॅडम, दोनच प्रश्न असत्यात. रीडिंग तुम्ही घेतलं का? हो. फोटो तुम्ही काढला का? हो. झालं. कँटीनला चहा घ्यायचा आणि घरी यायचं.”

मी जे खरं आहे ते सांगणार आहे. जुलै २०२० ते जानेवारी २०२१, सात महिने तुझ्या लेथच्या शेडचं रीडिंग मी घेतलं. फोटो जरा हललेले आहेत, तेवढंच. बहीण म्हणून मी कोर्टात रडावं अशी तुझी अपेक्षा असेल तर ते मला जमणार नाही. माझंही पोट याच नोकरीवर आहे.

आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल. इथलंच लागतं तिला. पाठवू का?

आक्का


कुपवाड
रविवार, १९ मार्च २०२३

नागसेन,

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. पत्र पेटीत टाकलं आणि तिथंच उभी राहिले. पोस्टमन आला की परत मागून घ्यावं असं वाटत होतं. दहा मिनिटांनी घरी आले.

सात महिने मी तुझ्या शेडमध्ये पाऊल टाकलेलं नाही.

तुला तो जून आठवतो का? लॉकडाऊनमुळे एप्रिल, मे, जून कुणीच रीडिंगला गेलं नव्हतं. ग्राहकांनीच फोटो काढून पाठवा असा मेसेज आला होता, तो कुणी वाचला आणि कुणी नाही. शेवटी सगळ्यांना मागच्या महिन्यांची सरासरी लावली. तुझा लेथ कुलपात होता आणि बिल लेथ चालू असल्यासारखं आलं. बिलं वाटली गेली आणि दुसऱ्या दिवसापासून मी गल्लीत शिरले की लोक बाहेर येऊन उभे राहायचे.

शालूबाई म्हणाल्या, “आवं मॅडम, घरात बसा म्हणला, बसलो. आता बसल्याचं बिल मागताय व्हय?” नाथाजी फौजी त्यांच्या ओट्यावरून म्हणाले, “पाच एप्रिलला साऱ्या देशानं नऊ मिनिटं लाईट घालवली. तेवढी तरी वजा करा की!” सगळे हसले. मास्कच्या आत मीही हसले. मग पेपरात आलं, सवलत मिळणार. दिवाळी होईपर्यंत लोक मला विचारत राहिले, “कवा मिळणार?” आणि दिवाळीनंतर आलं, मिळणार नाही. त्यानंतर गल्लीत कुणी हसलं नाही. निर्णय घेणारे कधी कुपवाडच्या गल्लीत आले नाहीत. गल्लीत मी यायचे. शालूबाईंनी मला पाणी देणं बंद केलं.

पण तुझी गोष्ट त्याच्या आधीची. जुलैचा पहिला आठवडा. शेडच्या दारात तू बाक आडवा टाकला होतास.

“आक्का, आत येऊ नको. दिवसाला दोनशे दारं फिरतीस. आई माझ्याजवळ हितंच आत ऱ्हातीया.”

“मीटरच वाचते रे. दोन मिनिटं.”

“लांबनं वाच.”

मीटर मागच्या भिंतीला. लांबून काय दिसणार? आतून आई म्हणाली, “कोण हाय रं?” आणि तू म्हणालास, “कोण न्हाई. मीटरवाली.”

तू बरोबर होतास. त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीला पत्रे ठोकले होते. आईचं वय, तिचा दमा. मी तुझ्या जागी असते तर मीही बाक टाकला असता. तरी घरी येईपर्यंत तो शब्द कानात वाजत राहिला. लालासाहेबांना फोन केला तर ते म्हणाले, “मागची सरासरी टाका मॅडम. ‘रीडिंग मिळालं नाही’ असं लय झालंय आपलं, कंपनी एजन्सीलाच काढंल. पुढच्या महिन्यात खरं घ्या, आपोआप दुरुस्त होतंय.”

मी आकडा टाकला. पहिला महिना रागानं. नंतरचे सहा सवयीनं. गल्लीतल्या बाकीच्या शेडचंही तसंच केलं, कारण प्रत्येक दारात कुणीतरी काहीतरी आडवं टाकलेलं होतं. तुझा लेथ त्या दिवसांत तासभरसुद्धा फिरत नव्हता आणि मी लिहीत होते तीन पाळ्या चालल्यासारखं. ऑक्टोबरात तू फोन केलास, “आक्का, आकडा चुकतोय गं कुठंतरी.” मी काय म्हणाले आठवतंय?

“ऑफिसात अर्ज कर.”

फोटोंचं मला आता नीट आठवत नाही.

आक्का


कुपवाड
रविवार, २ एप्रिल २०२३

नागसेन,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

कालपासून वीजदर वाढले. सकाळी गल्लीत शिरले तर नाथाजी फौजींनी पेपर माझ्यापुढे धरला. “कोरोनातलं अजून फेडतोय तवर ह्ये नवीन! मॅडम, तुमाला येऊ द्यायचं का न्हाई ते आमी मीटिंग घिऊन ठरवणार हाय.” थट्टा होती, पण ओट्यावरून उठून त्यांनी दार लावून घेतलं. हल्ली मी प्रत्येक मीटरपुढे वाकते. मान मोडेपर्यंत वाकते. आता त्याचा तुला काही उपयोग नाही.

फोटोंचं मला नीट आठवतं. पहिल्यापासून आठवतं.

आमच्या मोबाइलमधल्या ॲपमध्ये आकडा टाकला की फोटो मागतं. फोटोशिवाय पुढचा ग्राहक उघडत नाही. मी आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी, आपल्या घरच्या मीटरपुढे उभी राहायचे आणि बटण दाबताना हात हलवायचे. आकडे पुसट यायचे. ऑफिसात इतके फोटो कोण बघतं? तुझ्या शेडला आणि आपल्या घराला एकाच बनावटीचे मीटर, त्यामुळे पुसट फोटोत फरक कळत नाही. सात महिन्यांचे तुझे सात आणि बाकीच्या शेडचे मिळून साठेक. सगळे आप्पांच्या फळीसमोर काढलेले. मी वाकलेसुद्धा नव्हते. उभ्यानंच हात हलवायचे.

बाकीच्यांचं पुढं निस्तरलं. फेब्रुवारीत आत जाऊन खरं रीडिंग घेतलं, जास्तीचं पुढच्या बिलातून वळतं झालं. तुझं नाही झालं, कारण तू बिल भरणं थांबवलं होतंस आणि माझ्या आधी तुझ्याकडे धुळा वायरमन लाईट तोडायला पोचला. त्यानं मीटर बघितला आणि वीज ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला, “साहेब, मीटर मागं गेलाय. बिलात जास्त हाय आन् भिंतीवर कमी. पोरानं कायतरी केलंय.” धुळा आप्पांच्या हाताखाली शिकलेला. त्याला माहीत आहे की मीटर मागं जात नाही. पण बिलातला आकडा खोटा असेल हे त्याच्या मनातही आलं नाही, कारण तो आकडा आप्पांच्या मुलीनं लिहिला होता.

साहेबांनी सांगितलं होतं, मीटर तपासणीला जाईल, कुणी हात लावू नका. एक दिवस. नागा, एकच दिवस थांबायचं होतंस. तपासणीत सगळं निघालं असतं. वायरमनच्या घरात वाढलेला तू. सील तुटलं की त्या मीटरचं कुणी ऐकत नाही, हे आप्पांनी आपल्याला जेवताना किती वेळा सांगितलंय. आणि तूच पकड घेऊन सील तोडलंस, मीटर भाजीच्या पिशवीत घातलास आणि ऑफिस गाठलंस.

मी तिथं होते. तुला दिसले होते का, हे मी दोन वर्षं स्वतःला विचारते आहे. कपाटाच्या मागे होते. बिलं घेऊन पन्नासेक माणसं उभी होती, एकजण बिलाचा पंखा करून वारा घेत होता, “बिलाचा येवढाच उपेग” म्हणत होता. तू सगळ्यांना बाजूला सारून आलास. पिशवीतून मीटर काढून साहेबांच्या टेबलावर आपटलास.

“आता वाचा! वाकून वाचा!”

काच फुटली. साहेबांच्या तळहातातून रक्त आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मीटरवरचा आकडा गेला. आता तिथं वाचण्यासारखं काहीच नव्हतं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही ते कळलं नाही. मला कळलं, आणि तुझ्या तोंडावरून तुलाही कळलं.

ते दोन शब्द तू साहेबांना म्हणालास की मला? मी पुढं यायला निघाले होते. लालासाहेबांनी बाही धरली, “मॅडम, गप.” त्यांनी फार जोर लावला नव्हता. बाही सोडवून घेता आली असती.

त्यानंतर लेथ गेला, शेड गेली, तू आईला घेऊन खंडाळ्याला दुसऱ्याच्या लेथवर उभा राहायला गेलास. जाताना तुझ्या दाराशी आले तर तू म्हणालास, “परत तोंड दाखवू नको.” मला वाटलं, मी नोकरीची बाजू घेतली त्याचा राग. बरंच आहे, असंही वाटलं. तू रागात असलास की मला काही सांगावं लागत नव्हतं.

काल तुझ्या वकिलांना भेटायला गेले. राजवर्धन वकील कोर्टाच्या आवारात झाडाखाली उभे होते. मी म्हटलं, मी त्या केसमधली रीडर. आरोपीची बहीण. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“तुम्ही सरकारी साक्षीदार. माझ्याशी बोलू नका, बरं दिसत नाही.”

मी म्हटलं, चोरी शाबीत झाली तर काय होईल तेवढं सांगा.

“तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि तुमच्या भावानं माझे हात बांधलेत. सक्त सांगितलंय मला, आक्काला उलट एकही प्रश्न विचारायचा नाही. आवं बाई, तुमची उलटतपासणी हीच या केसची एकमेव खिडकी आहे. तीच त्यानं लावून घेतलीय. का ते सांगत नाही.”

परत येताना बसमध्ये मी तुझ्यावर चिडले. इतका राग? कोर्टात तुझ्या वकिलाच्या प्रश्नाला उत्तर म्हणूनसुद्धा तुला माझा आवाज नको?

आक्का


कुपवाड
शनिवार, ८ एप्रिल २०२३

नागा,

आज सकाळी आईचा फोन आला. तेल पोचलं म्हणून. आवाज बारीक करून बोलत होती, तू कामावर गेला होतास तरी.

मी विचारलं, “नागा माझ्याबद्दल काही बोलतो का?”

“न्हाई. तुजं नाव काडत न्हाई. पर तुजा कागुद हाय त्याच्या पाकिटात.”

“माझी पत्रं?”

“पत्रं हायत की, फडताळात, फोडलेली. ह्यो येगळा. दीड वर्स झालं आसंल. कोर्टातनं कागदं आली तवा त्यातला येक फोटू घिऊन माझ्याम्होरं बसला. म्हणला, आये, ह्यो मीटर कुणाचा सांग. मला कुटला आकडा दिसतोय? समदं धुरावानी. पर खाली तांबडी रेघ व्हती आन् त्यो काना, वघळ आल्याला. म्हणलं, आरं, ह्यी आपली फळी! आप्पानं रंगीवलीय. तू सायकलीवनं पडला व्हतास बग त्या सालाला.”

“मग?”

“मग काय न्हाई. जेवला न्हाई त्या दिशी. मी म्हणलं, काय झालं रं? तर म्हणतो, काय न्हाई आये, आक्काचा हात हालला. कागुद घडी करून पाकिटात ठिवला. मला म्हणला, कुणाला बोलायचं न्हाई. तू बी बोलू नको बाय, मी तुला सांगितलं म्हणून.”

मी फोन ठेवला आणि फळीपुढे जाऊन उभी राहिले. नंतर वाकले. तिथून बघितलं तर ओघळ स्पष्ट दिसतो. सात फोटोंतल्या एकात तरी तो येणारच होता. मी आकडे हलवण्याच्या नादात खालची कड बघितलीच नाही.

म्हणजे पत्रं पोचायच्या आधीपासून तुला माहीत होतं. मी ‘मला आठवत नाही’ असं लिहिलं ते तू वाचलंस, आणि तेव्हाही तो कागद तुझ्या खिशात होता. तो कागद वकिलांच्या हातात देऊन फळी कुणाची ते एकदा सांगितलं असतंस तर चोरीची केस तिथंच पडली असती. पण मग आकडा कुणी खोटा टाकला, फोटो कुणी खोटा काढला, हे आलंच असतं. माझं लग्न मोडलं तेव्हा तू तलाठ्यासमोर एवढंच म्हणाला होतास, “घर आक्काच्या नावावर करा, मला शेड बास हाय.” शेडही गेली, नागा. आता तू माझ्यासाठी तीन वर्षं आत जायला निघालायस आणि मला वाटत होतं की तू रुसलायस.

काल लालासाहेब पुन्हा येऊन गेले. या वेळी बसले. “मॅडम, भाऊ आहे, कळतंय. पण तिथं उलटलात तर सगळं तुमच्यावर येतंय बघा. एजन्सी म्हणणार, आम्हाला काय माहीत? सरासरी टाका असं मी कवा म्हणलो? लेखी हाय का कुठं?” लेखी कुठंच नाही. चहा पूर्ण न पिता गेले.

मी स्वतःहून खरं सांगेन असं तुला लिहावं म्हणून बसले होते. दोन कागद फाडले. कारण ते वाक्य लिहिता येतं, पण मी स्वतःला ओळखते. त्या दिवशी कपाटामागून बाहेर यायला चार पावलं होती. ‘कोर्टात सांगेन’ असं लिहून मोकळं होणं म्हणजे पुन्हा घरबसल्या आकडा टाकण्यासारखंच होईल. गुरुवारी सरकारी वकील दोन प्रश्न विचारतील. रीडिंग तुम्ही घेतलं? फोटो तुम्ही काढला? माझ्या तोंडून हो आणि हो निघेल, इतकी वर्षं तेच म्हणत आलेय. मग जज तुझ्या वकिलांकडे बघतील आणि राजवर्धन वकील तुझ्या सांगण्यावरून म्हणतील, काही विचारायचं नाही. मी पिंजऱ्यातून खाली येईन. लालासाहेब चहा सांगतील.

तिसरा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. हा मीटर कुणाच्या भिंतीवरचा आहे? तो विचारला, आणि तांबडी रेघ माझ्यासमोर धरली, तर मी खोटं बोलणार नाही. त्याची मला खात्री आहे. तेवढीच खात्री आहे.

नोकरी जाईल. कदाचित केसही होईल. घर आहे, तू दिलेलं. शालूबाईंच्या जावेचं पापडाचं काम आहे, कुणी उभं केलं तर तिथं उभी राहीन. तू यातलं काहीही डोक्यात घेऊ नकोस. मला वाचवायचा विचार तू जुलै २०२० मध्ये दारात बाक टाकलास तेव्हाच सोडायला हवा होतास. त्या दिवशी आईला वाचवलंस, ते पुष्कळ झालं.

तेव्हा एक मागते. बुधवारी संध्याकाळी तू सांगलीला येशील, तेव्हा पाकिटातला तो कागद काढून राजवर्धन वकिलांच्या हातात दे, आणि त्यांना सांग, आक्काला विचारा. तू नाही म्हणणार. हे पत्र वाचून घडी घालशील, बाकीच्या पत्रांवर ठेवशील आणि फडताळ लावशील, हे मला इथं बसून दिसतंय. तरी मागते. त्यांना माझ्यासमोर तो फोटो धरायला सांग.

तुझी आक्का